टाकीतले दोन मृत्यू आणि पोलीस ठाण्यातला पहिला कागद

पुणे महापालिकेची हद्द संपते तिथून पुढं, हवेली तालुक्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीत, सेप्टिक टँक साफ करताना दोन माणसं गेली. एक टाकीत उतरलेला सफाई कामगार, दुसरा त्याला वर काढायला उतरलेला सोसायटीचा वॉचमन. कामगाराची बायको आणि वॉचमनचे वडील या दोघांबरोबर आम्ही काही विधी स्वयंसेवक पोलीस ठाण्यापासून मानवी हक्क आयोगाच्या अर्जापर्यंत फिरलो. त्याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची, सोसायटीची, कार्यालयांची नावं आणि घटनेची तारीख वगळली आहे. कायद्यातल्या तारखा, मुदती आणि रकमा मात्र जशाच्या तशा दिल्या आहेत, कारण उद्या असं संकट आलेल्या कुटुंबाला त्यांचाच आधार घ्यावा लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्या देशात मानवी हक्कांची यंत्रणा नाही असं म्हणता येणार नाही. कायदे आहेत, राष्ट्रीय आयोग आहे, राज्य आयोग आहे, सर्वोच्च न्यायालयाचे स्पष्ट निकाल आहेत, हातानं मैला उचलण्यावरच्या बंदीवर लक्ष ठेवायला जिल्ह्याजिल्ह्यात दक्षता समित्यांची तरतूद आहे. पण हे सगळं ज्या कागदावर चालतं तो पोलीस ठाण्यात, मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत लिहिला जातो. तिथं चुकीचं लिहिलं गेलं की वरचं प्रत्येक कार्यालय तेच चुकीचं वाचतं. यंत्रणा बळकट करायची तर हात तिथं घालायला हवा.

काय घडलं

सोसायटी उभी राहिली तेव्हा त्या भागात ड्रेनेजची मुख्य लाइन नव्हती, आजही नाही. पुण्याभोवतीच्या गावांचं हे जुनं दुखणं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी २३ गावं महापालिकेत आली. त्यांच्याही पलीकडं आता इमारती गेल्या आहेत. इमारत आधी येते, मैलावाहिनी कित्येक वर्षांनी. मधल्या काळात प्रत्येक सोसायटी आपापल्या टाकीवर भागवते आणि टाकी भरली की मैला उपसणारा टँकर बोलावते.

टँकरचा पंप वरचं पातळ ओढून घेतो. तळाशी बसलेला घट्ट गाळ पाइपात येत नाही. मग टँकरबरोबर आलेल्या माणसाला खाली उतरवतात. त्यानं फावड्यानं गाळ ढवळायचा, बादलीत भरायचा आणि वरच्यानं दोरीनं ओढायचा. यंत्र असूनही माणूस आत जातो तो यामुळं. त्या दिवशीही हेच झालं. झाकण तासभर उघडं ठेवलं होतं, आणि तेवढ्यानं गॅस निघून जातो असा सगळ्यांचा समज होता. तो जीवघेणा समज आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचून राहतो, आणि गाळ ढवळला की त्यात अडकलेला आणखी सुटतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वर गेलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं आतल्या माणसाला वाटतं, तेव्हा प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. त्यात टाकीत ऑक्सिजनही कमी. साध्या हवेत तो २१ टक्क्यांच्या आसपास असतो, १९.५ च्या खाली आला की ती जागा असुरक्षित मानतात. मोजायचं यंत्र तिथं कोणाकडंच नव्हतं. कंबरेला बांधायचा पट्टा, हवेचा पुरवठा असलेला मुखवटा, वर ओढायला तिकाटणं, यातलंही काही नव्हतं.

कामगार कोसळला. वर आरडाओरडा झाला. गेटवरचा वॉचमन धावत आला आणि शिडीवरून खाली उतरला. तोही वर आला नाही. अग्निशमन दलानं दोघांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

वाचवायला गेलेला माणूस जाणं ही अशा घटनांतली अपवादाची गोष्ट नाही. पुणे जिल्ह्यात कदमवाकवस्तीला मार्च २०२२ मध्ये चौघे गेले, बारामती तालुक्यात खांडजला मार्च २०२३ मध्ये चौघे गेले. एका टाकीत चार जण का जातात, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

जबाब आणि पंचनामा

शवविच्छेदन झालं, व्हिसेरा राखून ठेवला गेला. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. त्याच संध्याकाळी कामगाराच्या बायकोचा जबाब घेतला गेला. मराठवाड्यातून दहा-बारा वर्षांपूर्वी पुण्यात आलेलं हे कुटुंब, दोन लेकरं. मृतदेह गावी न्यायचा होता, गाडी ठरवलेली होती, नातेवाईक तिकडं वाट पाहत होते. ताईंनी नंतर आम्हाला सांगितलं, "हवालदार म्हनले, ताई, आदी सही करा म्हंजी बॉडी ताब्यात भेटंल. काय लिव्हलंय ते कुनी वाचून दावलं न्हाई. माझं बी ध्यान कुटं व्हतं?"

जबाबाची प्रत आठवड्यानंतर हातात आली. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: मयत हा टाकीजवळ असताना पाय घसरून टाकीत पडून मयत झाला आहे. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार अथवा संशय नाही.

या दोन ओळींनी काय झालं ते पाहा. 'पाय घसरून' म्हटल्यावर सफाईचं काम उरलंच नाही. काम नाही म्हणजे काम सांगणारा नाही, काम सांगणारा नाही म्हणजे गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही म्हणजे भरपाई नाही. हातानं मैला उचलण्यास बंदी घालणारा आणि त्या कामातल्या माणसांच्या पुनर्वसनाचा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हे त्या कायद्यात 'धोकादायक सफाई' ठरतं. कलम ७ नं ते मनाई केलं आहे. कलम ९ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सोसायटी खासगी आहे म्हणून यातून सुटत नाही, कारण कलमात व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण आणि एजन्सी असे तिघेही आहेत. एवढा भक्कम कायदा, आणि त्याचं दार जबाबातल्या एका वाक्यानं बंद झालं होतं.

ते उघडलं पोलिसांच्याच दुसऱ्या कागदानं. घटनास्थळाचा पंचनामा वेगळ्या अंमलदारानं लिहिला होता, आणि त्यानं डोळ्यांना दिसलं ते सरळ उतरवून ठेवलं होतं. टाकीच्या तोंडाशी बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी आत सोडलेल्या स्थितीत. दोरी बांधलेली प्लास्टिकची बादली, निम्म्यापर्यंत गाळानं भरलेली. आत तळाशी एक फावडं. टाकीपासून काही फुटांवर चपलांचा एक जोड, शेजारी नीट घडी घालून ठेवलेला शर्ट. पाय घसरून पडणारा माणूस शर्टाची घडी घालून ठेवत नाही. शिडी आपली आपण आत जात नाही. हा पंचनामा आमच्या हाती लागला आणि प्रकरण फिरलं. त्या अंमलदाराचं नाव इथं देता येत नाही, पण त्यानं आपलं साधं काम प्रामाणिकपणे केलं म्हणून दोन कुटुंबांना पुढं बोलायला जागा मिळाली.

बाकीचा पुरावा त्यामागून आला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या रात्री निरोप होता की उद्या सकाळी टाकी साफ करण्याचं काम आहे, पाणी जपून वापरा. एका सभासदानं, मन खात होतं म्हणून, तो स्वतःहून दाखवला. टँकरवाल्याच्या पावतीवर टँकरच्या खेपांचा दर वेगळा आणि 'गाळ काढणे, लेबर' असा वेगळा आकार होता. लेबर म्हणजे कोण, हे विचारायची गरज उरली नाही.

मग ताईंचा पुरवणी जबाब देऊ केला. ठाण्यानं तो लगेच घेतला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडं टपालानं लेखी अर्ज पाठवला, सोबत पंचनाम्याची आणि पावतीची प्रत जोडली. त्यानंतर गुन्हा दाखल झाला. आधी फक्त भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. पुढच्या अर्जानंतर कलमवाढ होऊन २०१३ च्या कायद्याची कलम ७ आणि ९ लागली. कामगार अनुसूचित जातीतला असल्यानं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलमही मागितलं आहे. गावच्या तहसीलमधून जातीचा दाखला काढून दिला. तो मुद्दा न्यायालयात ठरेल.

मुदती

इथं थोडं थांबून मुदतींबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त कुटुंबं इथं हरतात. २०१३ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार झाली पाहिजे अशी अट आहे. नवरा गेलेली बाई गावी जाते, दहावं-तेरावं, दिवसकार्य, मुलांच्या शाळेचं बघणं, सासरच्यांशी बोलणी यात दोन महिने सहज जातात. परत पुण्याला येऊन 'काय झालं केसचं' असं विचारीपर्यंत तिसरा उलटत आलेला असतो. मानवी हक्क आयोगाकडं जायची मुदत मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६(२) नुसार एक वर्षाची आहे. वर्ष आहे म्हणून निवांत राहणारे लोक पाहिले आहेत, पण त्यांच्या हातातून तीन महिन्यांचा कायदा आधीच निसटलेला असतो.

मोफत वकिलाचा हक्क तर फार थोड्यांना माहीत असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती या त्या नात्यानंच मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहेत. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात जाऊन साधा अर्ज द्यायचा असतो. ताईंना हे कळलं ते शेजारच्या वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेकडून.

पैसे

सोसायटीनं पहिल्याच आठवड्यात दोन लाख देऊ केले. सोबत स्टॅम्पपेपर होता: यापुढे कोणताही दावा करणार नाही. ताईंचे दीर म्हणाले, "वहिनी, हातात येतंय ते घ्या, कोर्टाचं काय खरं नसतंय." त्यांचा राग मला कधीच आला नाही. ज्यांच्या घरात भाड्याचे पैसे द्यायला कोणी उरलेलं नाही, त्यांनी असा विचार करणं साहजिक आहे. पण ताईंनी सही केली नाही. एकदा न वाचता सही केली होती, दुसऱ्यांदा नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

कायद्यानं रक्कम किती हे स्पष्ट आहे. २७ मार्च २०१४ रोजी 'सफाई कर्मचारी आंदोलन' या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रत्येक मृत्यूमागं १० लाख ठरवले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंह प्रकरणात ती रक्कम ३० लाख केली. कायमचं अपंगत्व आल्यास किमान २० लाख, इतर अपंगत्वाला किमान १० लाख. 'खासगी सोसायटीतला मृत्यू आहे, सरकार का देईल' या प्रश्नाचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्येच दिलं आहे. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले होते. त्यांच्या विधवांना राज्यानं १० लाख द्यावेत आणि हवे तर जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावेत, असं न्यायालय म्हणालं. हे तिन्ही निकाल जोडून अर्ज केला. कामगाराच्या कुटुंबाची भरपाई मंजूर झाली.

एक गोष्ट मात्र बोचते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत हातानं मैला साफ करण्यावर आणि गटारात माणूस उतरवण्यावर बंदीचा आदेश दिला. २०१३ चा कायदा सगळ्या देशाला लागू आहेच. पण महानगरांना मुदत घालून जाब विचारला जातो तेव्हा पुण्यासारखं, टाक्यांवर जगणाऱ्या नव्या उपनगरांनी वेढलेलं शहर त्या यादीत नसतं.

आयोगाचं दार

आयोगाकडं जाताना बहुतेक लोक सगळी हकीकत लिहितात आणि शेवटी 'न्याय मिळावा' म्हणतात. तेवढ्यानं काम होत नाही. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम १२ प्रमाणे आयोग चौकशी करतो ती लोकसेवकानं केलेल्या हक्कभंगाची किंवा हक्कभंग रोखण्यात त्यानं केलेल्या हयगयीची. सोसायटीचा सेक्रेटरी लोकसेवक नाही. टँकरवालाही नाही. म्हणून अर्जात प्रश्न असा मांडावा लागतो: या टाकीत माणूस उतरणार नाही हे पाहणं कोणत्या लोकसेवकाचं काम होतं, आणि त्यानं ते केलं का? परिसरातल्या मैला टँकरवाल्यांची नोंद कोणाकडं आहे? २०१३ च्या कायद्याच्या कलम २४ खालच्या दक्षता समितीपुढं या भागाचा विषय कधी आला का? बायकोचा जबाब तिला वाचून न दाखवता कोणी लिहिला?

हे प्रश्न विचारायला गेलो तेव्हा जबाबदारी कोणाची यावरच गाडं अडलं. ग्रामपंचायत म्हणाली, इमारतीची परवानगी आम्ही दिलेली नाही. परवानगी देणाऱ्या कार्यालयात उत्तर मिळालं की सफाई हा आमचा विषय नाही. कायद्यात 'स्थानिक प्राधिकरण' लिहिलेलं आहे, आणि शहराच्या कडेला नेमकं तेच सापडत नाही. आम्ही अर्जात दोघांनाही प्रतिवादी केलं आणि जबाबदारी निश्चित करून मिळावी हीच पहिली मागणी ठेवली.

दुसरी अडचण अशी निघाली की गावाकडच्या एका कार्यकर्त्यानं चांगल्या मनानं दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडं आधीच पत्र धाडलं होतं. एकाच विषयावर दोन्ही आयोग चौकशी करत नाहीत. राज्य आयोगापुढं विषय चालू असेल तर राष्ट्रीय आयोग तो घेत नाही, आणि राष्ट्रीय आयोगानं घेतलेला राज्य आयोग घेत नाही. त्यामुळं नवा अर्ज न करता त्याच तक्रारीला पुरवणी म्हणून सगळी कागदपत्रं जोडली आणि कलम १३(६) खाली ती राज्य आयोगाकडं वर्ग करावी अशी विनंती केली, म्हणजे सुनावणीला दिल्ली गाठावी लागणार नाही. अर्जाला फी नाही. तो मराठीत करता येतो, आम्ही मराठीतच केला. १४४३३ ही राष्ट्रीय आयोगाची मदतवाहिनी आहे.

आयोग काय करू शकतो? साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. चौकशीअंती कलम १८ खाली भरपाईची, कारवाईची शिफारस करता येते, मधल्या काळात तातडीची मदत सुचवता येते, उच्च न्यायालयातही जाता येतं. सरकारनं महिन्याभरात काय केलं ते कळवायचं असतं. पण शेवटी ती शिफारस. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं फेब्रुवारी २०२१ मध्ये अशी शिफारस सरकारवर बंधनकारक असल्याचं म्हटलं. तो विचार देशभर कायद्यातच उतरला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

वरचा मजला

जगात या संस्थांना मोजायची एक पट्टी आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला ठरलेली तत्त्वं २० डिसेंबर १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं स्वीकारली. संस्था सरकारपासून स्वतंत्र असावी, तिच्यात समाजाचे वेगवेगळे थर असावेत, तिला पुरेसा पैसा आणि स्वतःची माणसं असावीत. आपला आयोग त्याआधीच, १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झाला होता. १९९९ पासून त्याला 'अ' दर्जा, म्हणजे ही तत्त्वं पूर्ण पाळणाऱ्या संस्थेचा दर्जा, होता. २०१६ मध्ये मूल्यांकन पुढं ढकललं गेलं, २०१७ मध्ये दर्जा कायम राहिला, २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा ढकललं गेलं, आणि मार्च २०२५ मध्ये अशा राष्ट्रीय आयोगांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीच्या मूल्यांकन उपसमितीनं 'ब' दर्जाची शिफारस केली. आक्षेपांत एक महत्त्वाचा होता: आयोगाच्या तपासासाठी पोलीस अधिकारीच येतात. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासायची, हे ताईंसारख्या बाईला कसं वाटेल याचा विचार केला तर त्या आक्षेपाचं वजन कळतं.

शेजारच्या नेपाळमध्ये आयोगाला संवैधानिक दर्जा आहे. तरी शिफारशी पडून राहायच्या. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी गंभीर हक्कभंगाचा ठपका ठेवलेल्या २८६ जणांची नावंच प्रसिद्ध केली. दर्जा मिळाला म्हणून अंमल होत नाही, त्यासाठी संस्थेला धैर्य लागतं, हे त्यातून दिसतं.

नेमणुका, दर्जा, निधी हे सगळं सुधारायला हवंच. सर्वोच्च न्यायालयानं २४ जुलै २०१५ रोजी डी. के. बसू प्रकरणात राज्य आयोगांतल्या रिकाम्या जागा भरायला सांगितलं होतं. पण समजा उद्या आयोगाला उत्तम माणसं, स्वतंत्र तपासनीस आणि बंधनकारक अधिकार मिळाले, तरी त्याच्या टेबलावर येणारा कागद 'पाय घसरून' असाच असेल तर तो काय करणार?

म्हणून एक ठोस सुचवणी. राष्ट्रीय आयोगानं १४ डिसेंबर १९९३ रोजी, स्थापनेनंतर जेमतेम दोन महिन्यांनी, नियम केला की पोलीस किंवा तुरुंग कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत आयोगाला कळवायचं. कुटुंबानं तक्रार केली का, हे तिथं कोणी विचारत नाही. कळवावं लागतंच. त्या नियमामुळं कोठडीतला मृत्यू लपवणं अवघड झालं. तीच सक्ती गटार, चेंबर आणि सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंना लावावी. ठाण्यानं अकस्मात मृत्यू नोंदवताच २४ तासांत राज्य आयोग, दक्षता समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या तिघांना कळवायचं. सोबत घटनास्थळाचा पंचनामा आणि आत दिसलेल्या साहित्याचे फोटो. नातेवाइकांचा जबाब विधी सेवेच्या माणसासमोर, आणि मृतदेह ताब्यात देण्याशी त्याचा संबंध नसावा. राष्ट्रीय आयोगानं २४ सप्टेंबर २०२१ रोजी धोकादायक सफाईबद्दल सूचनापत्र काढलेलं आहे, म्हणजे विषय त्यांच्यासमोर आहेच. याला नवी इमारत लागत नाही, नवी पदं लागत नाहीत.

वॉचमन

कामगाराच्या कुटुंबाला निदान रस्ता सापडला. वॉचमनच्या वडिलांना एका कार्यालयात सांगण्यात आलं, "बाबा, तुमचा मुलगा सफाई कामगार नव्हता. हा कायदा तुम्हाला लागत नाही." बाबा सत्तरीचे आहेत, मुलाच्या पगारावर घर चालत होतं. त्यांनी विचारलं, "मग त्यो मेला कशानं?" त्यावर समोरून उत्तर आलं नाही.

आमचं म्हणणं असं आहे. २०१४ च्या निकालानं भरपाई ठरवली ती अशा प्रत्येक मृत्यूसाठी. मरणारा पगारी सफाई कामगार होता का, याची अट त्यात आम्हाला दिसत नाही. सुरक्षेची साधनं नसणं हाच गुन्हा आहे, आणि त्याच एका गुन्ह्यानं दोघांचा जीव घेतला. पट्टा आणि दोरी असती तर पहिल्याला वरूनच ओढून काढता आलं असतं आणि दुसऱ्याला उतरावंच लागलं नसतं. शिवाय तो ड्युटीवर होता. त्याची सुरक्षा एजन्सी आणि सोसायटी या दोघांवर तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली स्वतंत्र दावा कामगार न्यायालयात दाखल केला आहे. त्या कायद्याच्या कलम १२ मुळं ठेकेदारामागं उभा असलेला मुख्य मालकही सुटत नाही.

पण खरा कळीचा मुद्दा वेगळा आहे. तो आपणहून उतरला की त्याला उतरवलं? तिथं तेव्हा सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी आम्हाला सांगितलं की टाकीच्या कडेला उभ्या असलेल्या पदाधिकाऱ्यानं "अरे बघतोस काय, उतर लवकर" असं ओरडून सांगितलं आणि तो उतरला. त्या हे लिहून द्यायला तयार आहेत, पण त्यांची चार घरं त्याच सोसायटीत आहेत. जबाब दिला की कामं जाणार, हे त्यांना कोणी सांगायला नको.

५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, आणि ती देशभर लागू केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नं प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं आहे. तिच्याखाली जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. तो आम्ही केला आहे, आणि मावशींचा जबाब ठाण्यात न घेता दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावा असाही अर्ज सोबत आहे. बाबांच्या आयोगाकडच्या पुरवणीत या दोन्ही अर्जांच्या प्रती लावल्या आहेत. कामं गेली तर निर्वाहासाठी पैशांची मदत देण्याची तरतूद योजनेत आहे, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही, म्हणून वस्तीतल्या घरेलू कामगार बायकांनी मावशींसाठी शेजारच्या सोसायटीत दोन घरं आधीच बोलून ठेवली आहेत.